पितरांचं बोट

ज्योतिबानं बोट टेकवलं आणि दाराजवळच्या यंत्रात रोजच्यासारखा लाल दिवा लागला.

त्यानं बोट उचललं, पँटला पुसलं आणि पुन्हा त्या इवल्याशा काचेवर टेकवलं. आतून बाईचा आवाज आला. गोड, लाडिक, इंग्रजी. 'ट्राय अगेन.' ज्योतिबाला इंग्रजी येत नव्हतं, पण या दोन शब्दांचा अर्थ एव्हाना त्याच्या हाडांत मुरला होता. बाबा रे, मी तुला ओळखत नाही, असं ती म्हणत होती.

मागं पावलं वाजली. ज्योतिबा झटकन बाजूला सरला, खाली वाकला, आणि नीट बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

"गुड मॉर्निंग, काका! परत लेस सुटली?" शंतनु होता. पुण्याचा पोरगा, उंच, केस विस्कटलेले, कानात गाणी ऐकायच्या त्या पांढऱ्या बिया. "तुम्हाला ना, वेल्क्रोवाले शूज घ्यायला पाहिजेत. सीरियसली."

"हो ना. नवे आहेत, गाठच बसत नाही बघ."

शंतनुनं बोट टेकवलं न टेकवलं तोच हिरवा दिवा लागला. काचेचं दार आवाज न करता सरकलं. "या, या. आधी तुम्ही."

ज्योतिबा आत शिरला. याच दारात उभं राहून त्यानं एके काळी अख्ख्या चामराजपेटेला आत घेतलं होतं, आणि आज त्याच दारातून तो परक्या पोराच्या सावलीला धरून, चोरासारखा आत येत होता.

आता ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

कानडी मुलखातल्या या मोठ्या शहरात, चामराजपेटेत, मार्केटकडून येणारी बस जिथं वळते तिथं, ही दगडी इमारत आहे. आपल्या मराठी कापडवाल्यांनी कधीकाळी एकत्र येऊन बांधलेलं हरिकीर्तनाचं सभागृह. सागवानी तुळया, वर विटा आणि चुन्याचं छत, खिडक्यांना निळ्या-पिवळ्या काचा, आणि बायकांना बसायला वर लाकडी सज्जा. चातुर्मासात रोज, रामनवमीला नऊ दिवस, गोकुळअष्टमीला, एकादशीला इथं कीर्तन व्हायचं. मराठी कळणारे यायचे, न कळणारे कानडी शेजारीही यायचे. बुवा पूर्वरंगात निरूपण कानडीत सांगायचे, उत्तररंगात आख्यान मराठीत रंगवायचे, आणि रडायची वेळ आली की दोन्ही भाषांतले लोक बरोबर एकाच जागी रडायचे.

बुवा म्हणजे गुरुराजबुवा. आणि ज्योतिबा म्हणजे हॉलचा शिपाई. झाडायचं, जाजम अंथरायचं, समया घासायच्या, आणि संध्याकाळी दारात गंधाचं तबक घेऊन उभं राहायचं. येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळी गंध लावल्याशिवाय आत सोडायचं नाही, ही तिथली रीत होती.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी बुवांनी त्याचा हात हातात घेतला होता आणि एकेक बोट धरून सांगितलं होतं. "हे बघ, ज्योतिबा. मधलं बोट आपल्या स्वतःसाठी. ही अनामिका, देवासाठी. आणि ही तर्जनी. ही पितरांची. श्राद्धाच्या दिवशी हिनं गंध लावायचं. जित्याजागत्याच्या कपाळाला हिला कधी शिवू द्यायचं नाही."

"मग दारात येणाऱ्यांना कुठल्या बोटानं लावू, बुवा?"

बुवा हसले होते. "कीर्तनाला आलेला श्रोता म्हणजे कोण रे? देवच. अनामिकेनं लाव सगळ्यांना. सावकार असो नाहीतर हमाल."

त्या दिवसापासून सहाणेवरचं गंध अनामिकेनं निरपून घ्यायचं आणि कपाळावर टेकवायचं, हेच ज्योतिबाचं आयुष्य झालं. त्याला लोकांची नावं आठवत नसत, कपाळं आठवत. कुणाचं तापलेलं, कुणाचं घामेजलेलं, कुणाचं आठ्यांनी भरलेलं. बोट टेकलं की आठी क्षणभर सैल व्हायची, ते त्याला बोटाच्या टोकाला कळायचं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. जुने श्रोते एकेक करून गेले. त्यांची मुलं शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींत राहायला गेली, तिथून चामराजपेटेला यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात. बुवाही गेले. त्यांचा फोटो हॉलमध्ये लावला तेव्हा ज्योतिबानं गंधात तर्जनी बुडवली खरी, पण ती फोटोकडे नेताना हात असा थरथरला की गंध फरशीवर सांडलं. मग त्यानं फोटोला नुसता हार घातला. गंध राहूनच गेलं.

हॉलला कुलूप लागलं. छत गळायला लागलं. शेवटी ट्रस्टनं इमारत एका कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं दिली, आणि खरं सांगायचं तर त्यामुळंच ती उभी राहिली. बाहेरून दगडाला दगड तसाच ठेवला. तुळया तासून चकचकीत केल्या, निळ्या-पिवळ्या काचा होत्या तशा पुन्हा बसवल्या. आतलं मात्र सगळं फिरलं. बुवांचा फोटोही ट्रस्टवाले काढून घेऊन गेले. बायकांच्या सज्ज्यात फोनवर बोलायच्या काचेच्या खोल्या आल्या. बुवा उभे राहायचे तिथं रुंद लाकडी पायऱ्या, पायऱ्यांवर रंगीत गाद्या, आणि गाद्यांवर मांडीत कॉम्प्युटर घेऊन बसलेली पोरं. सकाळी योगासनं, दिवसा ऑफिस, संध्याकाळी कधी गिटार, कधी व्याख्यान, शनिवारी चित्रांचं प्रदर्शन. एकच खोली दिवसातून चार वेश बदलायची, आणि ते बदलायचं काम ज्योतिबाचं होतं. ट्रस्टच्या अध्यक्षांनी तोंडी शब्द टाकला होता, 'आमचा माणूस ठेवून घ्या.' करड्या रंगाचा शर्ट मिळाला, काळे बूट मिळाले. मागच्या अंगणातल्या, तो राहायचा त्या दोन खोल्याही राहिल्या. काम आहे तोवर.

जुनी मोठी सहाणसुद्धा त्यांनी टाकली नव्हती. दाराजवळ काचेच्या पेटीत, वरून छोटा दिवा सोडून, ठेवली होती. तिच्या मधोमध पडलेला खळगा त्या दिव्यात स्पष्ट दिसायचा. ज्योतिबा तिच्याकडे बघायचं टाळायचा.

आणि मग यंत्र आलं. ज्या दिवशी सगळ्यांची बोटं नोंदवली, त्या दिवशी यंत्राचा माणूस घाईत होता. मॅनेजर मंजुनाथनं हवेत तर्जनी उंचावून सगळ्यांना दाखवलं, "हे बोट, हे बोट." पोरांनी भराभर तर्जन्या टेकवल्या. ज्योतिबाची पाळी आली. समोर बुवांचं दार होतं. त्या दाराला तर्जनी? त्यानं हळूच अनामिका पुढं केली. यंत्रानं कुरकुर केली, पुन्हा पुन्हा मागितली, शेवटी त्या माणसानं "चलेगा" म्हणून पुढच्याला बोलावलं.

पहिले काही दिवस दार उघडलं. मग कधी उघडायचं, कधी नाही. मग मुळीच नाही. वर्षानुवर्षं दगडावरून फिरून बोटाचं टोक काचेच्या गोटीसारखं गुळगुळीत झालं होतं, यंत्र त्याच्यात काय वाचणार? पण ज्योतिबाला तसं वाटत नव्हतं. त्याच्या मनानं घेतलं होतं की दार अडवणारं यंत्र नाहीच, बुवा आहेत. हॉलचं हे सगळं झालं, तेव्हा तू कुठं होतास रे ज्योतिबा? तुळया तासत होते तेव्हा तू शिडी धरून उभा होतास ना? आता कुठल्या तोंडानं आत येतोस?

ही भीती कुणाला सांगायची? त्यानं कुणालाच सांगितली नाही. नाडी बांधत राहिला.

त्या दिवशी दुपारी तो पायऱ्यांवरच्या गाद्या झटकत होता, तेव्हा मंजुनाथनं त्याला पँट्रीत बोलावलं. मंजुनाथ म्हणजे तुमकूरकडचा माणूस, पोट सुटलेला, मनानं चांगला, पण वरून फोन आला की घामाघूम होणारा. तो कानडीतच बोलायचा.

"ज्योतिअण्णा, बसा."

ज्योतिबा खुर्चीच्या कडेवर टेकला. कामावरच्या माणसाला कुणी बसायला सांगतं ते काय चांगलं सांगण्यासाठी?

"बेळ्ळंदूरच्या हेड ऑफिसात कॅमेरा बघतात," मंजुनाथ म्हणाला. "त्यांनी विचारलं, हा म्हातारा रोज दुसऱ्याच्या मागून का शिरतो? मी काय सांगू?"

"बुटाची नाडी, सार..."

"रोज नाडी?"

ज्योतिबानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"उद्या सकाळी तिथल्या मॅडम येतायत. सगळ्यांनी त्यांच्यासमोर बोट ठेवायचं. ज्यांचं लागणार नाही त्यांचं नाव काढून टाकतील, एजन्सीची माणसं येतील. माझ्या हातात काही नाही, अण्णा." मंजुनाथ त्याच्याकडे बघत नव्हता. हातातला कागदी कप दाबून दाबून चपटा करत होता. "काही अडचण असेल तर आत्ताच सांगा."

सांगावं, असं ज्योतिबाच्या अगदी जिभेवर आलं. पण काय सांगणार? बुवा मला आत घेत नाहीत, असं? तोंडातून कानडीतला एकच होकार फुटला, "सरी."

आणि तो उठून गेला.

मग उरलेला दिवस कसा गेला म्हणता! दार वाजलं की दचकायचा. कुंड्यांना पाणी घालताना पाणी बाहेर सांडलं, ते पुसताना बादलीच लवंडली. मागच्या भिंतीला आता काच होती, तिच्यातून अंगण दिसायचं. त्याची बायको सत्यवती दोरीवरचे कपडे काढत होती. गुडघे दुखतात म्हणून एक हात खांबाला. ज्योतिबा बघत राहिला. या काचेतून उद्या आपण तिला बघत असू, की ती आणि आपण दोघंही रस्त्यावरून ही काच बघत असू?

दिवेलागणीला घरी आला तो कोपऱ्यात पाठमोरा बसला. सत्यवती शेवंतीची वेणी गुंफत होती. मार्केटजवळच्या फुलवालीसाठी ती रोज गुंफायची. सुई चालू होती, डोळे मात्र नवऱ्याच्या पाठीवर.

"अहो, ते काय चाललंय?"

"कुठं काय."

"खोबरेलाची बाटली कशाला घेतलीत?"

ज्योतिबानं बोट मुठीत लपवलं. "भेगा पडल्यात हाताला."

"भेगा? इकडं करा बघू हात." सत्यवती उठली, गुडघ्याला हात देत. त्याची मूठ उघडली, बोट दिव्याकडे धरलं. "अय्यो! हे बोट आहे का नदीतला गोटा? एक भेग दाखवा मला, एक!"

"तुला काय करायचंय त्यात?"

"मला काय करायचंय? चार दिवस झाले, जेवणावर लक्ष नाही, झोपेत पुटपुटताय, 'ट्रायगेन ट्रायगेन.' मी म्हटलं, ही ट्रायगेन कोण बाई नवीन!"

ज्योतिबाला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी डोळे भरून आले. सत्यवतीनं फुलांची परडी बाजूला सारली आणि त्याच्यापुढं बसली. मग त्यानं सगळं सांगितलं. लाल दिवा, नाडी, कॅमेरा, उद्याची बाई. आणि शेवटी, मान खाली घालून, बुवांचंही.

ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "बुवा अडवतात?"

"नाहीतर काय?"

"ज्या माणसानं हमालाला सावकाराच्या बरोबरीनं गंध लावायला लावलं, तो तुम्हाला दारात अडवेल? अहो, एवढी कीर्तनं ऐकलीत ती झोपून ऐकलीत काय?"

ज्योतिबानं खोबरेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"आणि खोबरेल चोळून रेषा उगवायच्या असतील तर माझ्या केसांनी काय पाप केलंय? दुसरं बोट द्या त्यांना. देवानं दहा दिलीत."

"अंगठा झिजलाय. मधलंही, करंगळीही. चंदनाचं खोड धरून धरून..."

"आणि हे?"

तिनं त्याची तर्जनी धरली होती. तिच्या टोकावरच्या रेषा दिव्यात स्वच्छ दिसत होत्या, नुकत्याच नांगरलेल्या वावरासारख्या. आयुष्यभर जपून ठेवलेलं, न वापरलेलं बोट.

ज्योतिबानं हात ओढून घेतला. "हे पितरांचं आहे."

"ठाऊक आहे मला."

"दाराला तर्जनी लावायची म्हणजे... म्हणजे ते दार मेलं असं म्हणण्यासारखं आहे, सत्यवती. आतलं सगळं गेलं, असं आपल्याच हातानं..." नोकरी जाईल ही भीती होतीच, खोल्या जातील ही होतीच, पण त्या सगळ्यांच्या तळाशी ही एक भीती दबा धरून बसलेली होती, आणि ती आज पहिल्यांदाच तोंडावाटे बाहेर आली.

सत्यवतीनं परडी पुन्हा मांडीवर ओढली. सुईत एक शेवंती ओवली.

"डावा हात द्या मग," ती म्हणाली.

"बुवांच्या दाराला? डावा हात?"

"नाही ना देववत?"

"नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला.

सकाळी तो पूजा आटोपून निघाला तेव्हा तिनं त्याच्या हातात लहानशी वाटी ठेवली. ताजं उगाळलेलं गंध होतं.

"हे कशाला?"

"बुवांच्या फोटोचं राहून गेलंय ना? बघा काय ते. कोरड्या हातानं कुणाला निरोप देतात का?"

ऑफिसात अजून कुणी आलं नव्हतं. मंजुनाथ मात्र दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता. ज्योतिबा दिसताच त्याच्याकडे धावत आल्यासारखा आला.

"अण्णा, मला रात्रभर झोप नाही. खरं सांगा, काय भानगड आहे?"

"बोट झिजलंय, सार. गंध लावून लावून."

"इष्टेना?" मंजुनाथचं तोंड उघडंच राहिलं. "एवढंच? अय्यो देवरे! मला वाटलं, तुम्हाला हे ऑफिसच नको झालंय, म्हणून मुद्दाम करताय. विचारायलाही भीती वाटत होती. चला, आत्ता नवीन नोंदवतो. हे बोट द्या." त्यानं हवेत तर्जनी उंचावली.

ज्योतिबाचा हात हलला नाही.

"काय झालं?"

"सार, तुमचे वडील आहेत?"

"नाहीत. माझ्या लग्नाआधीच गेले."

"श्राद्ध करता?"

"करतो की. गावी जाऊन."

"गंध कुठल्या बोटानं लावता?"

हवेत उंचावलेल्या आपल्याच बोटाकडे मंजुनाथनं पाहिलं. मग ते हळूच मुठीत मिटून घेतलं. रस्त्यावरून बस गेली, निळ्या-पिवळ्या काचा थोड्या थरथरल्या.

"दुसरा हात?" मंजुनाथनं हलक्या आवाजात विचारलं.

ज्योतिबानं मान हलवली. त्याचं रात्रीच ठरलं होतं, पण ठरल्याचं त्याला आत्ता कळलं. डावा हात दिला तर तो अपमान. तर्जनी म्हणजे निदान श्राद्ध. ज्याचं श्राद्ध करतो तो आपलाच असतो.

त्यानं काचेतून आत पाहिलं. बुवा उभे राहायचे त्या पायऱ्या रिकाम्या होत्या. गाद्या त्यानंच काल नीट लावलेल्या. वर तुळया चकाकत होत्या. त्यानं खूप मन लावून ऐकलं. झांज नाही, मृदंग नाही, आत फक्त एसीचा एकसुरी श्वास चालू होता. आणि त्याला स्पष्ट दिसलं की आत त्याच्यावर रागावलेलं कुणीही नाही. कुणीच नाही.

त्यानं बूट काढले. वाटीत तर्जनी बुडवली. काचेच्या दाराच्या दोन्ही अंगांना जुनी दगडी चौकट तशीच होती; तिच्या उजव्या खांबावर, माणसाचं कपाळ येईल इतक्या उंचीवर, त्यानं गंधाचा टिळा लावला. हात थरथरला नाही. "बुवा," तो पुटपुटला, "राहून गेलं होतं."

मग त्यानं बोट रुमालाला स्वच्छ पुसलं आणि यंत्रावर टेकवलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा. मंजुनाथनं बटणं दाबली. हिरवा दिवा लागला. बाईच्या आवाजानं त्याचे आभार मानले. दार सरकलं.

इतके दिवस त्याला वाटायचं, हा हिरवा दिवा लागेल त्या दिवशी आपण लहान पोरासारखे नाचू. तसं काही झालं नाही. भीती निघून गेली, आणि ती जिथं बसली होती तिथं नुसती मोकळी जागा राहिली. पाहुणे गेल्यावर जाजम उचललेल्या हॉलसारखी.

तो बूट घालायला खाली वाकला.

"काका! आज खरंच लेस?" शंतनु आला होता. मग त्याची नजर वाटीकडे गेली. "हे काय? चंदन? माझी आजी लावायची सेम असं. मला पण लावा ना, आज मॅडम येणारेत, रिव्ह्यू आहे माझा. फुल फाटलीये."

एवढं धिप्पाड पोर, आणि त्याचाही चेहरा उतरलेला. ज्योतिबाला नवल वाटलं. या दारातून भीत भीत आत जाणारा आपण एकटाच, असं तो समजून चालला होता.

त्याचा उजवा हात वर आला. तर्जनी त्यानं आत दुमडली. अनामिकेनं वाटीतलं गंध निरपून घेतलं. शंतनु उंच होता, तो गुडघ्यात वाकला, कानातल्या बिया काढून मुठीत धरल्या आणि डोळे मिटले. कपाळ गार होतं, घामेजलेलं, भुवयांच्या मध्ये एक आठी. बोट टेकलं तशी ती क्षणभर सैल झाली.

"थँक यू, काका," तो म्हणाला आणि आत पळाला.

बेळ्ळंदूरच्या मॅडम आल्या, सगळ्यांनी बोटं ठेवली, ज्योतिबाचं नाव यादीत राहिलं. जाताना त्या चौकटीपाशी थांबल्या आणि टिळ्याकडे बघून मंजुनाथला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मंजुनाथनं ज्योतिबाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हेरिटेजचा दगड आहे, डाग नको म्हणतात," तो कानडीत म्हणाला. "घाई नाही, अण्णा. संध्याकाळी केलं तरी चालेल."

संध्याकाळी ज्योतिबानं नेहमीसारखी सगळी काच पुसली. यंत्र पुसलं. सहाणेची पेटी पुसली, आज तिच्याकडे नीट बघून. शेवटी ओलं फडकं घेऊन चौकटीपाशी आला. टिळा वाळून फिका झाला होता. त्यानं त्याच्यावरून फडकं अलगद फिरवलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. दगड ओला झाला तेवढ्यापुरता चंदनाचा वास दरवळला. मग आतून एसीचा गार झोत आला आणि तोही गेला.

ज्योतिबानं फडकं पिळलं, तर्जनी टेकवून दार उघडलं, आणि उद्याच्या योगासनांच्या सतरंज्या घालायला आत गेला.